कोरडं फडकं

मिरजेत, हाडांच्या दवाखान्यात
मी प्लास्टर रूमला आहे. चौदा वर्षं.
म्हणून मला आधी कळलं
आमच्या बुद्धाला काय होतंय ते.

उजव्या हाताची बोटं झिजत चालली होती.
आधी नखं गेली, मग पेरं,
आणि चैत्रात बघितलं तर तो हात
जमिनीपर्यंत पोचतच नव्हता.

मूर्ती प्लास्टरची, वरून सोनेरी रंग.
क्षेमाच्या नामकरणाच्या आदल्या दिवशी
एका गणपती कारागिराकडनं
दीडशे रुपयांना आणलेली.
ठेवलीय शोकेसच्या वरच्या फळीवर,
निळ्या कोटातल्या तसबिरीच्या पुढ्यात,
आपण खाली बसलो की नजर
तिच्या गुडघ्याला लागेल, एवढ्या उंचीवर.

कोण धुतंय, विचारायची गरज नव्हती.
पहाटे तांब्याचा आवाज यायचा.
आत्ती, ह्यांना न्हाऊ घालायचं नसतं.
'न्हाऊ कुठं घालती? धूळ पुसती.
बसल्या जागी किती धूळ खाईल माणूस?'

माणूस म्हणाली.
त्यावर मला काही बोलता आलं नाही.

तिच्या बापानं सुपात घालून देव नदीत सोडले,
तेव्हा ती सहा वर्षांची.
सूप रिकामं परत आलं, हे तिला आठवतं,
आणि दुसऱ्या दिवशी त्यातच ज्वारी पाखडली, हेही.
कुणापुढं हात पसरायचा नाही, हे ती पक्कं शिकली.
हातांनी पहाटे काय करायचं,
हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

मग मी सांगितलं, दवाखान्यात सांगते तसं:
प्लास्टरला पाणी लागू द्यायचं नाही.
रंगाचा मऊ ब्रश, नाहीतर कोरडं फडकं.
वरनं खाली. कानामागं, मानेच्या घडीत.
मेणबत्ती वीतभर लांब, काजळी धरते.
हार गळ्यात नको, ओल उतरते.
फुलं पुढ्यात, आणि सुकली की उचलायची,
सुकतात हेच तर त्यांनी सांगायचं असतं.

ती मूर्तीच्या कानांकडं बघत होती.
'एवढं लांब कशानं गं?'
राजवाड्यात जड कुंडलं होती, क्षेमा म्हणाली,
ती काढून टाकली, कान तसेच राहिले.
आत्तीनं आपला कान चाचपला.
तिची फुलं माझ्या नवऱ्याच्या डी.एड.ला गेली,
भोकं अजून ओघळलेली आहेत.
'आसंच आस्तंय,' म्हणाली.

'आन् ह्यो हात खाली का?'
मारानं विचारलं, तुझ्या बाजूनं साक्ष कोण देणार?
सोबत कुणीच नव्हतं.
ह्यानं जमिनीला हात लावला.

आत्ती बराच वेळ गप्प.

रविवारी वाटीत पावडर कालवली,
बोटांच्या आत घालायला तारा कापल्या.
पण बोटं जमेनात.
क्षेमाच्या पुस्तकातली फार नाजूक,
कधी काही न उचललेली.
आत्ती फरशीवर बसली, उजवा हात टेकवला,
आरगच्या मळ्यात हळद काढताना टेकायची तसा.
तीस वर्षं, दुसऱ्याच्या रानात,
कुठल्या सातबाऱ्यावर तिचं नाव नाही.
'हे बघ. आसा.'

बघत बघत केली. जाड झाली.
मधलं जरा वाकडं आलं.
आजीचीच हायत, म्हणून क्षेमा हसत सुटली.

प्लास्टर घट्ट होताना तापतं.
पेशंट घाबरतात. मी आधीच सांगून ठेवते,
दहा मिनिटं, मग उतरेल.
आत्तीला सांगायचं राहिलं.
तिनं सांडलेलं टिपायला फडकं पुढं केलं,
हात नव्या बोटांना लागला
आणि तिथंच थांबला.

'कढत हाय गं.'
उतरेल, मी म्हटलं.
'ऱ्हाऊ दे की,' ती म्हणाली.